रक्ताची विपुलता : सदैव आरोग्याचे लक्षण नव्हे

‘अंगात रक्त भरपूर आहे’ असे म्हटले की ते सुदृढतेचे लक्षण समजले जाते. रक्तक्षय सर्वत्र आढळत असल्याने ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत हीच विपुलता रक्तवाहिनीत गुठळी होण्याची पूर्वसूचना असते.

रक्तपेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. काही दीर्घकालीन विकारांत या निर्मितीवरील नियंत्रण सुटते. तांबड्या पेशी बेसुमार वाढल्यास त्या विकारास पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. रक्त गोठविण्यास साह्य करणारे बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, वाढल्यास इसेन्शिअल थ्रॉम्बोसायथेमिया. गुठळी मेंदूत अडकल्यास पक्षाघात, हृदयात अडकल्यास हृदयविकाराचा झटका येतो.

हा धोका ओळखण्याची पहिली खूण साध्या रक्ततपासणीतच मिळते. रक्तात तांबड्या पेशींनी शेकडा किती जागा व्यापली आहे, हे हिमॅटोक्रिट या आकड्यावरून कळते. इटलीमध्ये पॉलिसायथेमियाच्या ३६५ रुग्णांचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. हा आकडा ४५ च्या खाली राखलेल्या रुग्णांच्या तुलनेत ४५ ते ५० दरम्यान ठेवलेल्या रुग्णांत गंभीर गुठळ्या व त्यासारख्या विकारांनी होणारे मृत्यू यांचे प्रमाण सुमारे चौपट आढळले. म्हणूनच ठराविक काळाने शिरेतून रक्त काढून हा आकडा खाली ठेवतात.

दुसरी खूण जनुकातील आहे. ‘जॅक-२’ या जनुकातील बदलाचा शोध २००५ साली लागला. पॉलिसायथेमियाच्या बहुतेक सर्व आणि थ्रॉम्बोसायथेमियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत तो आढळतो. थ्रॉम्बोसायथेमियात हा बदल असल्यास गुठळीचा धोका वाढतो. साठीपुढील वय व पूर्वी झालेली गुठळी याही महत्त्वाच्या बाबी होत. पांढऱ्या पेशींची वाढही तज्ज्ञ विचारात घेतात.

बिंबाणूंचा आकडा मात्र फसवा आहे. तो जितका अधिक तितका गुठळीचा धोका अधिक, असे नाही. दहा लाखांच्या पलीकडे गेल्यास उलट रक्तस्रावही होऊ शकतो. अनेक रुग्णांना अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात, पण ते अशा वेळी अपाय करू शकते. सबब हे औषध स्वतःच्या मनाने कोणीही घेऊ नये.

वारंवार डोकेदुखी, भोवळ, स्नानानंतर अंगास सुटणारी खाज, बोटांची आग व लाली ही लक्षणे दिसल्यास रक्त तपासून घ्यावे. धूम्रपान, फुप्फुसाचे विकार वा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळेही तांबड्या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणून एका अहवालाने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पुन्हा तपासणी करूनही आकडा चढाच राहिला, तर तो समाधानाने घडी घालून ठेवण्याचा कागद नव्हे. तो घेऊन रुग्णाने त्वरित वैद्यकीय अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. गावातील शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी एवढी गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी एखाद्या कुटुंबावरील आघात टळू शकेल.