भाताच्या वेषातील तोतया

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याचे धबधबे पाहावयास जाणाऱ्या नागर मंडळींना रस्त्याच्या दोन्ही अंगांची, पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरे एकसारखी हिरवीगार दिसतात. वस्तुतः त्या हिरवळीत एक तोतया उभा असतो. आपल्याकडे उपवासाची भगर म्हणून कित्येकदा जो सावा येतो, त्याचेच हे रानटी भावंड. शास्त्रीय भाषेत एकिनोक्लोआ. आपण त्याला रानसावा म्हणू.

कोवळेपणी हे गवत भातापासून वेगळे काढणे अवघड. मात्र एक खूण फसवीत नाही. पाते खोडापासून जेथे सुटते तेथे भाताला पातळ, पांढरट जिभली असते आणि तिच्या दोहों बाजूंस केसाळ, नखासारखे कान असतात. रानसाव्याला यांपैकी काहीच नसते. तो सांधा अगदी कोरा. पुढे कणीस आले म्हणजे ओळख कोणासही पटते, परंतु भात कापणीस येण्यापूर्वीच याचे पुष्कळसे बी चिखलात झडून गेलेले असते, आणि ते कित्येक वर्षे तेथे जिवंत राहते.

हे सोंग त्याला शिकविले कोणी? आपणच! बेणणी करणाऱ्या हाताने वेगळे दिसेल ते उपटले. भातासारखे दिसले ते वाचले व त्याचेच बी पुढे गेले. रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. चीनमधील यांगत्से खोऱ्यातील रानसाव्याच्या आनुवंशिक तपासणीत, तेथे ही नक्कल सुमारे 1000 वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असे 2019 साली दिसून आले.

निवारणाचा जुना उपाय या डोंगरांत आहेच. पेरणीपूर्वी रोपवाटिकेच्या जागी शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजतात. त्या आचेने वरच्या थरातील तणाचे बी मरते व रोप स्वच्छ निघते. त्यापायी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात हे खरे, आणि त्यावरून जंगल खाते व शेतकरी यांचा वाद जुनाच आहे.

लावणीनंतर खरा पहारेकरी म्हणजे पाणी. खाचरात पाच सेंटिमीटर पाणी टिकले तर रानसाव्याचे फारसे बी उगवत नाही. पण येथील उतारावर, पावसाने आठवडाभर दडी मारली की पाणी निथळून जाते आणि तण उसळते. म्हणून बांधांची डागडुजी हे देखील तणनिवारणच होय. तणनाशके बाजारात आहेत. तथापि त्यांस न जुमानणारा रानसावा अनेक देशांत निपजला आहे, आणि वरच्या खाचरातील पाणी जेथे खालच्या खाचरात व तेथून ओहोळात उतरते, तेथे ती जपूनच वापरलेली बरी.

मग उरते बेणणी, आणि ती बहुधा बायकांच्याच कमरेवर. पहिल्या चाळीस दिवसांत ती झाली नाही तर उत्पन्न घटते. घरचे भात लवकर संपले की येथील कितीतरी कुटुंबांना मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते. उपटलेली ताटे बांधावर टाकून ठेवू नयेत. बी धरण्यापूर्वीच ती गुरांपुढे घालावीत. पुढच्या वर्षीचे बियाणे मात्र निवडक, स्वच्छ खाचरातूनच राखावे, आणि ते चाळून घ्यावे, कारण रानसाव्याचा दाणा भातापेक्षा पुष्कळच बारीक असतो.