सूर्य सरकतो, चूल जागेवर

उच्च न्यायालयात नोकरीला असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजाने १८७८ साली आपल्या मुंबईतल्या सूर्यचुलीचं वर्णन छापलं. आरशांचा शंकू, मध्ये तांब्याचं भांडं, वर काचेचं आवरण. जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा दोन तासांत शिजायचा. म्हणजे ऊन पुरतं की नाही हा प्रश्न आपल्याकडे तेव्हाच मिटला होता. राहिला तो आचाऱ्याचा. त्याने उभं कुठे राहायचं?

आरशांची थाळी अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराची केली की ऊन एका जागी गोळा होतं. अन्वस्ताचा हा गुण कॉलेजात शिकवतात. अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण त्यावरून परतून एकाच नाभीत जातो. गोलाच्या तुकड्याला हे तितकं नेमकं साधत नाही, कडेचे किरण नाभी चुकवतात. पण अन्वस्तालाही त्यासाठी अक्ष सतत सूर्याकडे रोखलेला हवा, आणि सूर्य तर तासाला १५ अंश सरकतो.

जर्मन अभियंता डीटर झायफर्ट यांची 'एसके-१४' ही थाळी या अडचणीशी हुशारीने जुळवून घेते. व्यास १.४ मीटर, नाभी तळापासून फक्त २८ सेंटिमीटरवर. थाळी त्याहून खोल असल्यामुळे भांडं तिच्या पोटातच बसतं. प्रखर झोत बाहेर सहसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांनी थाळी वळवली तरी भागतं. सुमारे ६०० वॅट उष्णता मिळते. फोडणी, तळण सगळं होतं. पेटीच्या सूर्यचुलीला ते जमत नाही. तरी ढवळणारी बाई भर दुपारी उन्हातच उभी. रोजच्या स्वयंपाकाला ही सोय अपुरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

वोल्फगांग शेफलर यांनी नेमकी हीच गोष्ट बदलली. त्यांची पहिली थाळी १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशनमध्ये चालू झाली. अख्खी वाटी न घेता त्यांनी मोठ्या अन्वस्ताच्या बाजूचा लंबवर्तुळाकार तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या आसाला समांतर अशा अक्षावर बसवला. हा अक्ष नाभीतूनच जातो, म्हणून थाळी दिवसभर फिरली तरी नाभी हलत नाही. फिरवायला घड्याळासारखी साधी यंत्रणा पुरते. झोत भिंतीतल्या झरोक्यातून आत येतो, दुसऱ्या आरशावरून भांड्याच्या बुडाला लागतो, आणि स्वयंपाक करणारी सावलीत राहते.

खरी करामत पुढे आहे. वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. थाळीचा कल त्याच्या निम्म्याने बदलावा लागतो, आणि कल बदलला की वक्रही बदलावा लागतो. म्हणून सांगाडा मुद्दाम लवचीक ठेवलेला असतो. आधाराच्या दांड्या कमी-जास्त केल्या की तो हवा तेवढा वाकतो. यंत्र म्हटलं की ताठ आणि दणकट, ही आपली समजूत. इथे वाकणं हेच काम आहे. आणि हे सगळं साध्या वेल्डिंगच्या दुकानात बनावं, असा शेफलर यांचा आग्रह.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून अशा ७३ थाळ्या आहेत, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या. तिथे नाभीत भांडं नसतं. पाण्याची वाफ होते आणि नळांतून खाली स्वयंपाकघरात जाते. ढगाळ दिवसांसाठी बॉयलर जोडलेला आहेच. पावसाळ्यात सूर्यावर विसंबून पंगत बसवता येत नाही.

आश्रमशाळेसाठी किंवा वसतिगृहासाठी अशी थाळी घेणार असाल, तर किंमत विचारण्याआधी आरशांवरची धूळ कोण पुसणार आणि ऋतूप्रमाणे दांड्या कोण हलवणार, ते ठरवा.