कुळाचा देव आणि शिवाराचा देव

बारामतीहून भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी असे करीत इंदापूरला जाणारा रस्ता हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. अलीकडे तो रुंद झाला. रस्ता रुंद होताना जमीन मोजली जाते, झाडांवर क्रमांक पडतात, विहीर, पाइपलाइन, घर या सगळ्यांची किंमत ठरते. पण मोजणीच्या रेषेत कडुलिंबाखालचा एखादा शेंदूर लावलेला दगड आला, तर तो कोणत्या रकान्यात मांडायचा? सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. फार तर त्याची जागा पोटखराब्यात जिरलेली असते. तरीही तो उचलायचा म्हटले की जमीनमालक दोन पावले मागे सरतो. त्याच मालकाच्या घरात देव्हारा असतो, आणि घर बदलताना त्यातले देव मात्र कापडात गुंडाळून, ताटात ठेवून, सहज नव्या घरी नेले जातात.

एकाच कुटुंबाच्या या दोन देवांना असा वेगळा न्याय का? या प्रश्नाचा माग काढला, तर आपल्याकडे घरातले आणि उघड्यावरचे लहान देवस्थान कसे तयार होते आणि कशाने टिकते, याचा उलगडा होऊ लागतो. मोठ्या क्षेत्रांविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. बारामती तालुक्यातच मोरगावचा मयूरेश्वर आहे आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला, भीमा-नीरेच्या संगमावर, नरसिंहपूर आहे. येथे मात्र ज्याला पुजारी नाही, ज्याची पावती फाडली जात नाही, अशा देवाचा विचार करायचा आहे.

प्रथम देव्हारा पाहू. देव्हाऱ्यातील मांडणी हा त्या घराचा इतिहास असतो. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बहुधा सुनेबरोबर माहेरून आलेले. लग्नात गौरीहरापाशी पुजलेली ती अन्नपूर्णा मूठभर तांदळात बसून सासरी येते. घरात तीन पिढ्यांच्या सुना नांदल्या असतील तर देव्हाऱ्यात तीन अन्नपूर्णाही सापडतात. पंचायतनाची परंपरा असलेल्या घरांत मूर्तींऐवजी दगडच असतात : नर्मदेतला बाण म्हणजे शिव, गंडकीतला शाळिग्राम म्हणजे विष्णू, शोण नदीतला तांबडा पाषाण म्हणजे गणपती, स्फटिक म्हणजे सूर्य आणि धातूची झाक असलेला दगड म्हणजे देवी. दूरदूरच्या नद्या एका ताम्हनात येतात.

मराठा, माळी, धनगर आणि इतर अनेक समाजांच्या घरांत देव्हाऱ्याचा कणा म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने आकृती उठवायची आणि तो पत्रा तांब्याच्या पत्र्यावर बसवायचा, अशी त्याची साधारण घडण. घोड्यावरचा खंडोबा, सोबत म्हाळसा; तुळजापूरची भवानी; जोतिबा किंवा भैरवनाथ; आणि त्यांच्या रांगेत वीर. हा वीर म्हणजे त्या कुळातला अकाली गेलेला पुरुष. देव आणि पूर्वज एकाच पाटावर, एकाच आकाराचे होऊन बसतात. बाहेरच्या माणसाला त्यातला देव कोणता आणि पणजोबांचा भाऊ कोणता, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

टाक रोज धुतले जातात, सणाला उजळले जातात. पन्नास-साठ वर्षांत खंडोबाचे नाकडोळे झिजून सपाट होतात. मग सोनाराकडून नवे करून घ्यायचे, जुन्याची चांदी नव्यात मिसळायची किंवा जुने टाक नदीत सोडायचे. पण सोनाराने दिलेला नवा टाक लगेच देव होत नाही. त्याला मूळ ठाण्याच्या देवाला ‘भेटवावे’ लागते. त्यासाठी लोक टाक घेऊन जेजुरीला जातात. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला येते, तेव्हा कुटुंबे आपापले टाकही तेथे आणतात. तीच कऱ्हा पुढे मोरगाव आणि बारामतीवरून वाहत सोनगावजवळ नीरेला मिळते. बारामतीच्या माणसाला जेजुरीचा देव दूरचा वाटत नाही, याला हे पाणीही कारण असावे.

भाऊ वेगळे झाले की जमिनीबरोबर देवांचाही प्रश्न निघतो. सर्वसाधारण रीत अशी की मूळचे देव थोरल्या घरी राहतात. धाकटे आपले टाक नव्याने करून थोरल्या घरच्या देवांना भेटवून आणतात आणि कुळधर्माला थोरल्या घरी येतात. म्हणून बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ चंपाषष्ठीची तळी मात्र एकत्र उचलतात, हे दृश्य या भागात नवलाचे नाही. आणि ज्या वर्षी तळी वेगवेगळ्या घरांत उचलली जाते, त्या वर्षी घर खरोखर फुटले असे भावकी समजते. हा देव कुळाचा असतो. माणसे जेथे जातील तेथे तो जातो, माणसे फुटली की तोही फुटतो.

रानातल्या देवाचे तसे नाही. तो जागेचा असतो. बांधावरचा म्हसोबा, विहिरीवरच्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा, गावकुसाबाहेरची मरीआई या सगळ्यांना स्वतःची हद्द असते आणि त्या हद्दीत जो नांदेल त्याच्याकडून त्यांना काही येणे असते. शेत विकले की म्हसोबा शेताबरोबर जातो. नवा मालक कोणत्याही जातीचा, कोणत्याही गावाचा असो, पेरणीआधीचा नारळ आता त्याने फोडायचा. जुन्या मालकाने व्यवहार पुरा होताना ‘एवढे मात्र चुकवू नका’ म्हणून सांगितलेले असते. खरेदीखतात न लिहिलेली ही अट सहसा पाळली जाते.

आसरा हे नाव अप्सरा या शब्दातून आले. विहिरीच्या काठावर सात खडे ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात ठेवायचा, एवढे झाले की देवस्थान तयार. म्हसोबाला तर एकच दगड पुरतो. तेलात कालवलेला शेंदूर दरसाल लावल्याने त्यावर पुटे चढत जातात. कधी हे कवच आपोआप गळून पडते आणि आत मुठीएवढाच दगड निघतो. अशा देवांपैकी कित्येकांना छप्पर चालत नाही, अशी समजूत आहे. ऊन-पाऊस सोसणाऱ्या शेतकऱ्याचा देव उन्हापावसातच बसतो.

या दगडांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी अग्रेसर. पुण्याच्या आसपासचा मुलूख पायी तुडवून त्यांनी अशी ठाणी नोंदली. त्यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. अशा ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. त्यावरून, ही ठाणी भटक्या पशुपालकांच्या जुन्या वाटांवर आणि वाटांच्या फाट्यांवर आहेत, शेती आणि गाव नंतर आले, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढे गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर राहून, हिंडून, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास केला. त्यांनी वन आणि क्षेत्र, म्हणजे चराईचे रान आणि नांगराखालची वस्ती, यांच्यातले नाते या देवांच्या आधारे उलगडले.

या परंपरेत नवे ठाणे कसे होते, याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील वीर येथील म्हस्कोबाच्या कथेत आहे. कमळाजी हा धनगर परांड्याजवळच्या सोनारीच्या भैरवनाथाचा भक्त. त्याच्या भक्तीने देव त्याच्यामागे आला आणि वीरला राहिला. म्हातारपणी वारी झेपेना, देव म्हणाला, मी मागून येतो, मागे पाहू नकोस. भक्ताने पाहिले आणि देव तेथेच थांबला, या घाटाच्या कथा महाराष्ट्रात जागोजाग आहेत. त्यांचा अर्थ सरळ आहे. देव माणसामागे येतो, एके ठिकाणी थांबतो, आणि थांबला की जागेचा होतो.

मग जागाच गेली तर? इंदापूर तालुक्याने हा प्रश्न प्रत्यक्ष भोगला आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. त्यांतले पळसदेव उठून पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला वसले. पळसनाथाचे जुने दगडी मंदिर पाण्यातच राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे शिखर दिसू लागते आणि दुष्काळी वर्षी सारे मंदिर कोरडे पडते, तेव्हा लोक ते पाहायला लोटतात. मंदिर निदान पुन्हा दिसते. बांधावरचा म्हसोबा आणि विहिरीवरचे सात खडे गाळाखाली गेले ते गेले. उठणाऱ्या कुटुंबाला टाक गाठोड्यात बांधून नेता येतात. शिवाराच्या देवासाठी फार तर जागेची मूठभर माती किंवा एखादा खडा नेता येतो आणि नव्या जमिनीत तो पुरून वर दगड मांडता येतो.

हा भेद आपल्यापुरता नाही. प्राचीन रोमन लोकांच्या कथेत ट्रॉय नगर जळत असताना इनीअस घरचे देव बरोबर घेऊन निघतो आणि समुद्रापार नेतो. त्याच रोमन लोकांचा टर्मिनस हा हद्दीच्या दगडाचा देव होता. कॅपिटॉलच्या टेकडीवर ज्युपिटरचे मोठे मंदिर बांधायचे ठरले तेव्हा इतर देवांनी जागा सोडली, टर्मिनसने सोडली नाही. शेवटी तो दगड आत घेऊनच मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

देवस्थान मोडण्याचाही एक इतिहास आहे आणि तो गाळून हा विषय पुरा होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रभर महार समाजातील असंख्य कुटुंबांनी देव्हाऱ्यातले देव नदीत, विहिरीत सोडले. हा अविचार नव्हता. मरीआईची सेवा, गावकीची कामे आणि वाट्याला आलेला अपमान एकाच दोरीत बांधलेले होते. ती दोरी तोडायची तर देवाचे देणेही नाकारावे लागत होते. रिकाम्या झालेल्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली. देवाशी असलेले नाते हे देण्याघेण्याचे असते, म्हणूनच ते विचारपूर्वक संपवताही येते, हे त्या लोकांनी दाखवून दिले.

आजचा पेच वेगळा आहे. नीरा डाव्या कालव्याने जिरायत रान उसाचे केले, तेव्हा म्हसोबा उसाच्या फडातही टिकला. बोअरवेलने मात्र आसरांची अडचण केली. बोअरला काठच नाही. सात खडे मांडायचे कोठे? मशिनपुढे नारळ फुटतो, उदबत्ती लागते आणि यंत्र निघून गेले की तेथे झाकण लावलेला पाइप उरतो. दुसरीकडे, रस्त्याकडेच्या काही दगडांवर स्लॅब आणि फरशी चढते, पाठोपाठ समिती आणि वर्गणी येते. सार्वजनिक रस्ते, बागा आणि मोकळ्या जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. त्याचा रोख या फरशीवर आहे. स्वतःच्या बांधावरच्या छप्पर नसलेल्या दगडाला त्याची भीती नाही.

पुण्यात किंवा परदेशात फ्लॅट घेणारी या भागातली मुले सागवानी किंवा संगमरवरी तयार देव्हारा विकत आणतात आणि मग गावी फोन करून विचारतात, आपले देव कोणते? युरोप-अमेरिकेतही विसाव्या शतकापासून काही लोक ख्रिस्तपूर्व देवांची उपासना नव्याने करू लागले आहेत. त्यांचाही आरंभ बहुधा घरातल्या एखाद्या फळीवर दिवा लावण्यापासून होतो. मात्र त्यांना देव निवडावा लागतो आणि कर्तव्य मागून येते. आपल्याकडे कर्तव्य जन्माबरोबर आलेले असते, देवाचे नाव मात्र विचारावे लागते. फ्लॅटमधला तरुण या दोहोंच्या मधे उभा आहे.

त्याला जुनी माणसे जे सांगतात ते थोडके आहे. झेपतील तेवढेच देव मांडावेत. टाक नवे केले तर भेटवून आणावेत. रोज पाणी आणि दिवा, वर्षातून एकदा कुळधर्म. शेत राखले असेल तर म्हसोबाचा नारळ चुकवू नये, आणि शेत विकले तर घेणाऱ्याला दगड कोठे आहे ते दाखवून द्यावे. यात प्राणप्रतिष्ठेचा मंत्र नाही, दिशांचे शास्त्र नाही. दगड देव होतो तो कोणीतरी दरसाल त्याच्याकडे येते म्हणून. येणारे थांबले की शेंदूर उडतो आणि दोन-चार पावसाळ्यांत तो बांधाच्या इतर दगडांत मिसळून जातो.