डिझेल गाडीचा ब्रेक जड का होतो? व्हॅक्यूमची गळती व ती शोधण्याची रीत



आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरी-धंद्यानिमित्त नवी मुंबईत, खारघर-कळंबोली-पनवेल भागात राहतात. कुणावर घरचे आजारी माणूस घेऊन खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात जाण्याची वेळ येते. म्हणजे स्वतःची गाडी घेऊन बोरघाट उतरणे आले. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच आणि खारघर खाडीकाठी. उतरताना सारी मदार ब्रेकवर व परत येताना, चार माणसे आणि सामान घेऊन चढताना, टर्बोवर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कुणी विचारील. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन्ही एकाच लहानशा पंपावर चालतात, आणि त्या पंपाच्या नळीला एखादी चीर गेली की दोन्हीकडे तक्रार सुरू होते.

व्हॅक्यूम म्हणजे काय हे साखर कारखान्याच्या सभासदाला वेगळे सांगायला नको. आपल्या पॅनमध्ये रस शिजतो तो पंचवीस-सव्वीस इंच व्हॅक्यूमखाली. त्यामुळेच तो साठ-पासष्ट अंशांवर उकळतो आणि साखर करपत नाही. पॅनच्या एखाद्या सांध्यातून हवा आत शिरू लागली की गेजचा काटा खाली येतो, उष्णता वाढते आणि साखरेचा रंग बिघडतो. मोटारीत तेच, फक्त पॅन लहान.

आता डिझेल गाडीलाच पंप का लागतो? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती अर्धवट बंद असली की इंजिन हवा ओढायला धडपडते आणि व्हॅक्यूम आपोआप तयार होते. डिझेल इंजिनाची हवेची वाट बहुधा मोकळीच असते. विहिरीवरचे आपले जुने ऑईल इंजिन आठवा. त्याचा गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करतो, हवा नाही. त्यामुळे फुकटचे व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा पंप बसवावा लागतो. जुन्या सुमो, बोलेरो अशा गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. पुष्कळ नव्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला असतो.

पंपाकडून जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला जाते. बूस्टर म्हणजे आत रबरी पडदा असलेला पत्र्याचा डबा. एका बाजूला व्हॅक्यूम, पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ती हवा पडदा ढकलते. नऊ इंच व्यासाचा पडदा धरला तर पंचवीस इंच व्हॅक्यूमला हा रेटा हिशेबाने साडेतीनशे किलोच्या घरात जातो. एवढा गडी आपल्या पायाच्या मदतीला असतो, म्हणून दोन टनांची गाडी एका पायाने थांबते. ही युक्ती बेल्जियमच्या आल्बेर देवान्द्र यांनी 1927 साली काढली.

त्याच पंपाकडून बारीक नळ्या टर्बोकडे जातात. ज्या टर्बोत हलती पाती असतात तिथे पात्यांची दांडी व्हॅक्यूमवर ओढली जाते. व्हॅक्यूम कमी पडले की पाती उघडीच राहतात, टर्बो हवा भरत नाही आणि गाडी ओढत नाही. सगळ्याच गाड्यांत असे नसते. काही टर्बो दाबाच्या हवेवर चालतात, तर काहींना विजेची मोटर असते. आपल्या गाडीत काय आहे हे फिटरला आधी विचारून घ्यावे, म्हणजे नसत्या नळीचा शोध चालत नाही.

गळती शोधायला अवघड का? पंपाच्या डिलिव्हरी पाईपला भोक पडले तर पाण्याची चिळकांडी दिसते. सक्शनला भोक पडले तर थेंबही दिसत नाही, पंप नुसता हवा ओढतो आणि पाणी उचलत नाही. मोटारीतील व्हॅक्यूमची गळती ही सक्शनची गळती आहे. म्हणून साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहण्याची पद्धत इथे चालत नाही, पाणीच आत ओढले जाते. पॅनच्या सांध्याशी मेणबत्ती धरण्याची जुनी रीत गाडीच्या बॉनेटखाली तर मुळीच करू नये. तिथे तेल व डिझेल असते.

गेज नसतानाही तीन तपासण्या घरच्या घरी होतात. गाडी सपाट जागी उभी करावी. पहिली, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे ते दगडासारखे होते. पाय तसाच दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर पंप, नळी वा बूस्टर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दुसरी, इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग पेडल दाबावे. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच जड लागला तर साठवलेले व्हॅक्यूम निसटले. इथे संशय आधी बूस्टरच्या एकमार्गी झडपेचा घ्यावा. ही झडप म्हणजे आपल्या विहिरीतला फूटवॉल. ती गळाली की प्राईम उतरते. तिसरी, इंजिन चालू असता पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि अर्धा मिनिट थांबावे. पेडल पाय वर रेटू लागले किंवा पायाशी ‘सूं’ असा आवाज येत राहिला तर बूस्टरचा पडदा फाटला असे समजावे.

पेडल मऊ लागून हळूहळू खाली बसत असेल तर मात्र हा व्हॅक्यूमचा रोग नव्हे. तिथे ब्रेक ऑईल, नळीतील हवा नाहीतर मास्टर सिलिंडर पाहावा. जड पेडल आणि मऊ पेडल यांत गल्लत झाली की पैसा चुकीच्या जागी जातो.

पुढचे काम गेजचे. पंपाच्या तोंडाशी थेट गेज लावून इंजिन मंद चालवावे. काटा थोड्या सेकंदांत पंचवीस इंचांच्या आसपास किंवा वर गेला तर पंप निर्दोष. मग एकेक नळी जोडत जावे. जी जोडताच काटा घसरतो तिथे गळती आहे. पाईपलाईनचे एकेक तोंड बंद करून गळका भाग शोधतो, तसेच हे. एक ध्यानात ठेवावे. खारघरला हवेचा पूर्ण दाब सुमारे 30 इंच असतो, कोल्हापूर-कराडच्या उंचीवर तो 28 च्या आसपास. म्हणून तोच पंप खारघरला 27 दाखवील आणि गावाकडे 25. दोन इंचांसाठी चांगला पंप फेकू नये.

टर्बोच्या बाजूला दोष बहुधा स्वस्त जागी सापडतो. उष्णतेने कडक होऊन टोकाला चिरलेली रबरी नळी, निसटलेली क्लिप, किंवा उंदराने कुरतडलेला तुकडा. उसाच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना उंदरांबद्दल काय सांगावे! टर्बोच्या दांडीच्या डबीला हातपंपाने वीसेक इंच व्हॅक्यूम द्यावे. दांडी अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे व काटा तिथेच टिकला पाहिजे. दांडी सरकली आणि टिकली, तरी गाडी ओढत नाही, तर विजेवर चालणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह पाहावा. या सर्वांनंतर टर्बोचा विचार. ‘टर्बो गेला, बदला’ असे कुणी बॉनेट उघडताच सांगितले तर आधी गेज लावायला सांगावे. गेजची किंमत टर्बोच्या तुलनेत काहीच नाही.

इंटरकूलरच्या जाड नळ्यांतील गळती मात्र याच्या उलट. तिथे हवा दाबाने बाहेर पडते, शिट्टी वाजते, सांध्याशी तेलकट डाग दिसतो आणि मागे काळा धूर निघतो. तिथे साबणाचे पाणी चालते.

आता घाटाविषयी. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते, आणि बोरघाटाची वळणे दोन-तीन नाहीत. शिवाय स्टिअरिंगही जड होते. न्यूट्रलमध्ये उतरले तर व्हॅक्यूम राहते पण इंजिनचा रोध जातो, मग ब्रेक तापतात. वाटेत पेडल अचानक जड झालेच तर ब्रेक गेला असे समजून हातपाय गाळू नयेत. पेडल पुन्हा पुन्हा सोडू नये, प्रत्येक वेळी शिल्लक कमी होते. दोन्ही पायांनी जोर देऊन दाबून धरावे, गिअर एकेक खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी.

ज्यांच्या गाडीत पंप अल्टरनेटरला जोडलेला आहे त्यांनी बॅटरीच्या लाल दिव्याकडे विशेष लक्ष द्यावे. पट्टा तुटला की बॅटरी भरणे थांबते तसा व्हॅक्यूम पंपही थांबतो. तो दिवा खंडाळ्याला लागला तर खोपोलीपर्यंत जाऊन बघू असे म्हणू नये, तिथेच थांबून बॉनेट उघडावे.