उशीखालची पोळी

रात्री पोटभर जेवण झालेले असते. सकाळी अंथरूण काढताना उशीखाली वाळलेली पोळी सापडते. विचारले तर मूल सरळ सांगते, 'मी नाही ठेवली.' दोन दिवसांनी पुन्हा तेच. डबे भरलेले असताना हे मूल चोरते का, खोटे बोलते का, असा प्रश्न घरच्यांना पडतो. उपासमार, मारहाण किंवा दुर्लक्ष सोसलेले मूल काही काळासाठी घरी आणून सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव येतो. अशा सांभाळाला फॉस्टर केअर किंवा प्रतिपालकत्व म्हणतात. दत्तकविधान कायमचे असते. प्रतिपालकत्व ठरावीक मुदतीचे असते.

ती पोळी म्हणजे चोरी नव्हे, तर मुलाच्या मेंदूने शिकलेला हिशेब असतो. आज मिळाले, उद्या मिळेलच असे नाही. लहानपणी पुन्हा पुन्हा धोका अनुभवला, की मेंदूतील भीतीची केंद्रे कायम जागी राहू लागतात. साधा चढलेला आवाज, दार आपटणे किंवा कुणी उचललेला हात, एवढेही पुरते. मूल किंचाळते, पळते किंवा एकदम गप्प होते. त्या क्षणी विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडलेला असतो. म्हणून 'असे का केलेस?' या प्रश्नाला त्याच्याकडे खरोखरच उत्तर नसते.

शरीरावरही याची खूण उमटते. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जास्त असते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. दुर्लक्षित बालकांपैकी अनेकांमध्ये हा चढउतार सपाट झालेला आढळतो.

हे नुकसान भरून निघते का? याचे महत्त्वाचे उत्तर रोमानियातून मिळाले. १९८९मध्ये तिथली चाउशेस्कू राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत होती. पुढे २०००च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमध्ये संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बालकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेत राहिलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७३ होता, तर कुटुंबांत गेलेल्यांचा ८१. जन्मापासून आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा मात्र १०९ होता. म्हणजे घर मिळाल्याने फरक पडला, पण सगळी झीज भरून निघाली नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला.

या प्रयोगातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुलांना घरी सोडून शास्त्रज्ञ मोकळे झाले नव्हते. पालकांना मानधन होते, सामाजिक कार्यकर्त्या नियमित घरी येत होत्या आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञांचा सल्ला होता. थोडक्यात, आधार मुलाला होता तसाच पालकालाही होता.

त्याची गरज का, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांच्या कामातून कळते. दुखावलेले बाळ अनेकदा जवळ घेणाऱ्यालाच ढकलते. पडल्यावर ते रडत येत नाही, पाठ फिरवते. पालकाला वाटते, याला आपली गरज नाही. मग तोही मागे सरतो. डोझियर यांनी यासाठी घरीच होणाऱ्या दहा भेटींचा कार्यक्रम तयार केला. बाळ ढकलत असतानाही त्याला जवळ कसे घ्यायचे, खेळताना त्याच्या कलाने कसे घ्यायचे, भीती वाटेल असे वागणे कसे टाळायचे, हे पालकाला तिथल्या तिथे दाखवले जाते. पालक बदलले आणि बाळांच्या कॉर्टिसॉलचा चढउतारही नेहमीच्या लयीकडे वळला.

भारतात बाल न्याय अधिनियम २०१५मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येते. मिशन वात्सल्यमधून मुलामागे महिन्याला चार हजार रुपयांच्या साहाय्याची सोय आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून आजी, मामा, काकूंकडे वाढणाऱ्या मुलांनाही अनुदान मिळते. पैशाने दप्तर येते, दूध येते. पण रात्री दोनला ओरडत उठणाऱ्या नातवाला कसे शांत करायचे, हे सत्तरीच्या आजीला कुणीतरी शेजारी बसून सांगावे लागते.

घरात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पोळी लपवणाऱ्या मुलाला रागावण्याऐवजी चणे, बिस्किटांचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवावा आणि तो रिकामा होऊ देऊ नये. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात; बदल असेल तर आधी सांगावा. मूल भडकले असताना उपदेश नको. आधी शांतपणे जवळ बसावे, बोलणे नंतर. त्याच्या आईवडिलांविषयी वाईट बोलू नये. आपलाच तोल गेला तर 'माझे चुकले' म्हणावे. चिडून पुन्हा जवळ येणारे मोठे माणूस त्याने कदाचित पाहिलेलेच नसते.

पालकाची दमछाकही खरी असते. मुलाच्या वेदना रोज ऐकून झोप उडते, चिडचिड वाढते, आपण वाईट आहोत असे वाटू लागते. यात कमीपणा काही नाही. आठवड्यातून काही तास मुलाच्या ओळखीच्या मावशीने किंवा शेजाऱ्यांनी त्याला सांभाळावे. अशीच मुले वाढवणाऱ्या इतर पालकांशी बोलणे व्हावे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मुलाचा पूर्वेतिहास आणि समुपदेशन मागावे. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, तर मुलाच्या तातडीच्या मदतीसाठी १०९८ आहे.

नातेवाईक सहज म्हणून जातात, 'एवढा त्रास कशाला? परत देऊन टाका.' पण परत गेलेल्या मुलासाठी ते आणखी एक तुटलेले घर असते आणि पुढच्या घरावर विश्वास ठेवणे त्याला आणखी अवघड जाते. त्यापेक्षा 'रविवारी दुपारी त्याला आमच्याकडे पाठवा, तुम्ही जरा झोपा,' हे वाक्य जास्त उपयोगाचे. त्या झोपेमुळेच कदाचित पालकाला सोमवारी उशीखालची पोळी न रागावता उचलता येईल.