मेंदूतील तुरीचा दाणा : पिनियल ग्रंथी

डोके दुखते म्हणून मेंदूचा सी. टी. स्कॅन काढावा आणि अहवालात 'पिनियल कॅल्सिफिकेशन' असे शब्द दिसावेत, की घरातली माणसे घाबरून जातात. मेंदूत खडा झाला, गाठ झाली, अशी बोलवा होते. म्हणून ही पिनियल ग्रंथी काय आहे, ती कशाची बनली आहे, हे समजून घेणे बरे.

जागा आणि आकार

ही ग्रंथी मेंदूच्या मध्यभागी, थोडी मागच्या बाजूस, एका लहानशा देठाने लटकलेली असते. लांबी ५ ते ८ मिलिमीटर आणि वजन सुमारे १०० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण तुरीच्या एका दाण्याएवढी! आकार पाइन वृक्षाच्या फळासारखा, निमुळता; त्यावरूनच तिला हे नाव पडले. मराठीत तिला तृतीय नेत्र पिंड असेही म्हणतात. मेंदूचे बहुतेक भाग उजवा-डावा असे जोडीने असतात, ही मात्र एकटीच. म्हणून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४९ साली हेच आत्म्याचे मुख्य आसन असल्याचे लिहिले. पण आत्मा ही सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारी वस्तू नव्हे. तेथे सापडतात त्या पेशी.

आतील रचना

आपल्या भाजीच्या मळ्याची आठवण करा. बांध घालून वाफे पाडलेले असतात आणि पाटाने पाणी फिरते. या ग्रंथीवर एक पातळ आवरण असते. त्याचे पडदे बांधासारखे आत शिरतात व ग्रंथीचे लहान लहान कप्पे पाडतात. या पडद्यांतूनच रक्तवाहिन्या व मज्जातंतू आत येतात. इतक्या लहान अवयवाच्या मानाने रक्तपुरवठा फारच विपुल असतो.

कप्प्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात :

१. पिनियल पेशी : शंभरांत सुमारे ९५ पेशी याच. केंद्रक मोठे व गोलसर. पेशीला लांब फाटे फुटतात व त्यांची फुगीर टोके बारीक रक्तवाहिन्यांजवळ जाऊन पोचतात. पेशीत तयार झालेला रस सरळ रक्तात मिसळतो.

२. आधार पेशी : या संख्येने थोड्या. पिनियल पेशींच्या मधल्या जागेत राहून त्यांना आधार देतात.

बेडूक व सरडा यांच्यासारख्या प्राण्यांत या ग्रंथीच्या पेशींना स्वतःलाच उजेड कळतो. माणसात तसे नाही. उजेडाची वर्दी डोळ्यांकडून येते. ती मेंदूतील 'घड्याळा'कडे जाते, तेथून पाठीच्या कण्यात उतरते, मानेतील मज्जातंतूंच्या गाठीत पोचते आणि पुन्हा वर चढून ग्रंथीत येते. अंधार पडला की पिनियल पेशी मेलाटोनिन हा रस करू लागतात. मध्यरात्रीनंतर तो सर्वांत जास्त असतो, पहाटे उतरतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या हजारो ग्रंथींतून तो प्रथम वेगळा काढला.

रात्र झाली, एवढेच मेलाटोनिन शरीराला सांगते. गुरांनाही रात्रीची लांबी त्यानेच कळते. पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागले की म्हशी अधिक माजावर येतात, त्यामागे चारा व हवामान यांच्याबरोबर याचाही वाटा आहे.

मेंदूतील वाळू

वय वाढते तसे या ग्रंथीत चुन्याच्या क्षारांचे बारीक कण साठतात. त्यांना 'मेंदूची वाळू' म्हणतात. अहवालातील 'कॅल्सिफिकेशन' ते हेच. पुष्कळ प्रौढ माणसांत ते दिसते आणि बहुधा तो रोग नव्हे. सी. टी. स्कॅन येण्यापूर्वी डॉक्टरांना याचा उपयोगच होई. साध्या एक्स-रेत हा ठिपका मध्यभागावरून सरकलेला दिसला, की एका बाजूस गाठ किंवा रक्तस्राव असावा असा तर्क करता येई.

मात्र लहान मुलात असा ठिपका दिसला, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या, एकाचे दोन दिसू लागले, नजर वर नेता येईना, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. या ग्रंथीत क्वचित खरी गाठही होते व तिच्यामुळे मेंदूतील पाण्याची वाट अडते.

ध्यानात ठेवावे

• निजण्यापूर्वी तासभर तरी प्रखर दिवा व मोबाईलचा उजेड टाळावा. उजेडाने मेलाटोनिन दबते.

• रात्रीच्या विजेवर मोटार चालवून पाणी द्यावे लागत असेल, तर परतल्यावर अंधाऱ्या खोलीत निजावे व झोप पुरी करावी.

• मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

• अहवालातील एका शब्दावरून घाबरून जाऊ नये. तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा.