किरणांची काटकसर

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेले बराकपूर मराठी वाचकांस परिचित आहे ते मंगल पांडे आणि 1857 च्या उठावामुळे. या जुन्या छावणीच्या गावात असो वा आपल्या सोलापुरात, सी.टी. स्कॅनचे यंत्र चालवावयाचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईच्या अणुशक्तीनगरात आहे. नियम सर्वत्र एकच. परंतु समोरच्या रुग्णास नेमके किती किरण द्यावयाचे, हे त्या त्या केंद्रातील तज्ज्ञच ठरवितात.

रक्तवाहिन्यांची सी.टी., अर्थात सी.टी. अँजिओग्राफी, करताना क्ष-किरणांबरोबरच आयोडीनयुक्त द्रव्य शिरेतून दिले जाते. रक्त आणि भोवतालचे स्नायू क्ष-किरणांत जवळजवळ सारखेच दिसतात. आयोडीनमुळे रक्तवाहिनी उजळून निघते. मात्र अधिक किरणांमुळे पुढील आयुष्यात कर्करोगाची शक्यता किंचित वाढू शकते, तर द्रव्याचा भार दुबळ्या मूत्रपिंडांवर पडू शकतो.

सुदैवाने दोहोंवर उपाय एकच आहे. यंत्राचा विद्युतदाब पूर्वी सर्रास 120 किलोव्होल्ट ठेवला जाई. तो 100 किंवा 80 वर आणला की किरणांची मात्रा घटते. शिवाय, सुमारे 33 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वरच्या ऊर्जेचे किरण आयोडीन विशेष शोषून घेते. दाब उतरला की किरणांची ऊर्जा त्या पातळीच्या जवळ येते आणि थोडके आयोडीनही ठळक दिसते. त्यामुळे चित्रात येणारा रवाळपणा आता संगणक बराचसा दूर करतो.

अर्थात काटकसर म्हणजे कंजूषी नव्हे. स्थूल रुग्णांत दाब फार उतरविता येत नाही. चित्र अस्पष्ट आले तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि बचत वाया जाते.

हृदयाच्या सी.टी. अँजिओग्राफीविषयी 2007 आणि 2017 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांची तुलना केली असता किरणांची मात्रा सुमारे 78 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तथापि रुग्णालयारुग्णालयांत मोठी तफावत होती. म्हणूनच रुग्णाने जागरूक असणे अगत्याचे ठरते.

तपासणीस जाताना जुने स्कॅन आणि क्रिएटिनिनचा अहवाल सोबत न्यावा. ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, गर्भधारणेची शक्यता किंवा मधुमेहासाठी चालू असलेले मेटफॉर्मिन यांची कल्पना डॉक्टरांस द्यावी. स्वतःहून औषध बंद करू नये. ‘माझ्या वजनाप्रमाणे मात्रा ठरविली आहे ना?’ असे नम्रपणे विचारण्यास संकोच नसावा. परंतु पक्षाघात किंवा फुफ्फुसातील रक्ताची गुठळी यांचा संशय असेल, तेव्हा किरणांच्या भीतीने तपासणी लांबणीवर टाकू नये. तेथे गमावलेली मिनिटे परत मिळत नाहीत.